आधी एक धडा, मग एम.ए.

पत्र (थोडं आटोपतं करून):

"सर, मी सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी-सातवीचा इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल आणि पाचवीचा परिसर अभ्यास माझ्याकडे आहे. एवढ्या वर्षांत कितीतरी प्रशिक्षणं झाली, पण सगळी भाषेची आणि गणिताची. माझ्या विषयाचं एकही धड आठवत नाही. मोबाईलवरच्या कोर्सचे व्हिडिओ पोषण आहाराची माहिती भरता भरता चालू ठेवते आणि प्रमाणपत्र घेते, खोटं कशाला बोलू. मुलांना विषय आवडत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, 'इतिहास काय, कुणीही शिकवतो, तुम्ही गणिताचा जादा तास घ्या.' मध्यंतरी महाडच्या सत्याग्रहाबद्दल सांगत होते. एका मुलीनं विचारलं, 'बाई, आपल्या गावात पण वेगळी विहीर होती का?' मी विषय बदलला. तेव्हापासून वाटतंय, आपल्याला हा विषय येतच नाही. बाहेरून एम.ए. इतिहास करू का? पतसंस्थेतून थोडं कर्ज मिळेल. की एखादा चांगला कोर्स सुचवाल? (नाव छापू नये.)"

उत्तर:

बाई, एम.ए.चं आधी उरकून टाकतो. इतिहासाची ओढ आहे, आयुष्यभर वाचत राहायचं आहे, म्हणून करायचं असेल तर खुशाल करा. मुक्त विद्यापीठ आहे, विद्यापीठांची दूरशिक्षण केंद्रं आहेत, नोकरी सांभाळून होतं. पण वर्गात जे जमत नाही त्यावरचा उपाय म्हणून, आणि तेही कर्ज काढून करणार असाल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. एम.ए.ला तुम्ही सातवाहनांच्या नाण्यांवर टीप लिहाल, पेशवाईतल्या महसूल पद्धतीवरचा मोठा प्रश्न सोडवाल. पण इसवी सनपूर्व ६०० हे इसवी सनपूर्व ३०० च्या आधीचं, हे सहावीतल्या पोराच्या डोक्यात का शिरत नाही, याची चर्चा तिथं होत नाही. तुमचं अडलंय ते इथं. वेतनश्रेणीचं काही गणित मनात असेल तर मात्र ते आधी पंचायत समितीत नीट विचारून घ्या. स्टाफरूममधल्या सल्ल्यावर फी भरू नका.

आता प्रशिक्षणांचं. तुमची तक्रार खरी आहे. २०२१ मध्ये निपुण भारत हे पायाभूत साक्षरतेचं अभियान आल्यापासून सगळी यंत्रणा लहान वर्गांच्या वाचन-लेखन-गणनाकडे वळली, आणि त्यात मला काही चूकही दिसत नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला इतिहासाचं पुस्तकही वाचता येणार नाही. पण त्यामुळे सहावी-सातवीला समाजशास्त्रं शिकवणारा माणूस कोणाच्याच यादीत राहिला नाही. २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण आलं, दीक्षा या ऑनलाइन मंचावर कोर्स आले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं. तास भरतात. कशानं भरतात ते तुम्हीच लिहिलंय. पोषण आहाराची माहिती भरता भरता व्हिडिओ चालू ठेवणाऱ्या तुम्ही काही एकट्या नाही, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मात्र तुमच्या गटात सामाजिक शास्त्राचं चांगलं चार दिवसांचं प्रशिक्षण लागेल आणि मग आपण शिकू, या आशेवर बसलात तर निवृत्तीचा नारळ आधी येईल.

मग करायचं काय? एका सत्रात एक धडा निवडायचा. एकच. तो पुस्तकाच्या पलीकडे जाऊन स्वतः खणायचा, मुलांना घेऊन खणायचा, शिकवताना कुणाला तरी वर्गात बसवायचं आणि नंतर मुलांनी काय लिहिलं ते दोघांनी मिळून वाचायचं. बाकीचे धडे नेहमीसारखे शिकवा, अपराधी वाटून घेऊ नका. बीएलओचं (मतदार यादीचं) काम, यू-डायसची (शाळेच्या आकडेवारीची) माहिती, शिष्यवृत्तीचे जादा तास हे सगळं सांभाळून वर्षाला दोन धडे होतात. ज्यांना पंचवीस करायचे असतात त्यांचा एकही होत नाही, हे मी केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) सांभाळताना भरपूर पाहिलं.

पहिला धडा कोणता घ्यायचा ते सांगतो. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. आपण तो कसा शिकवतो? फळ्यावर तीन चौकोन, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मध्ये बाण, खाली सदस्यसंख्या, पात्रता, कार्यकाळ. मुलं पाठ करतात, चाचणीत उतरवतात. आणि ग्रामपंचायत शाळेपासून हाकेच्या अंतरावर असते.

शिकवायच्या आधी तुमचा अभ्यास असा: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मराठीत मिळतो. त्यातलं ग्रामसभेचं कलम ७ स्वतः वाचा. भाषा जड आहे, पण दोनदा वाचलं की कळते. पंचायतींना घटनात्मक दर्जा आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये आलं. हे दोन टप्पे आणि तुमच्या गावातल्या सरपंचांच्या नावांचा फलक शेजारी शेजारी ठेवा. हा फलक बहुतेक ग्रामपंचायतींत भिंतीवर रंगवलेला असतो. कोणत्या सालापासून बायकांची नावं दिसू लागतात? कोणत्या सालापासून राखीव जागांवरची नावं? मुलांना फक्त फलक उतरवून आणायला सांगा आणि हे प्रश्न त्यांनाच पडू द्या. पाठ करायला दिलेलं आरक्षण आणि गावच्या भिंतीवर सापडलेलं आरक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग ग्रामसेवकांना (हल्लीचे ग्रामपंचायत अधिकारी) भेटून दोन गोष्टी मागा: चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि मागच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वाचायला प्रत. नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही. ती कशी असते ते लांबून दाखवलं तरी पुरे, कुणाला किती घरपट्टी हे मुलांना कळायचं कारण नाही. अंदाजपत्रकात वित्त आयोगाचा निधी किती, गावाची स्वतःची पट्टी किती, पाणीपुरवठ्यावर किती आणि दिवाबत्तीवर किती, हे सहावीतली मुलं टक्केवारीत मांडू शकतात. मुख्याध्यापकांना गणिताचा तास हवा होता ना? झाला.

यात एक अवघड क्षण येणारच. एखादं पोरगं विचारील, "बाई, सरपंच तर काकू आहेत, मग खुर्चीवर काका का बसतात?" वर्गात हशा पिकेल, आणि काका म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणाचे तरी भाऊ निघतील. इथं उत्तर द्यायची घाई करायची नाही आणि विषयही बदलायचा नाही. "कायद्यात सरपंचाची कामं काय लिहिली आहेत ते काढू. इतिवृत्तावर सही कोणाची आहे ते बघू." प्रश्न माणसावरून कागदावर आणायचा. पोरं त्यांचा निष्कर्ष काढतील, तुम्हाला वाक्य उच्चारायची गरज पडणार नाही. हे कौशल्य आहे बाई, आणि ते कुठल्या कोर्सच्या व्हिडिओत मिळत नाही. तो क्षण आधी मनात घोळवून ठेवलेला असला की जमतं.

दुसऱ्या सत्रासाठी मी तुम्हाला १९७२ चा दुष्काळ देईन. तुम्ही माणदेशात शिकवता, यापेक्षा मोठा खजिना कोणता हवा? 'इतिहासाची साधने' हा पाठ मुलांना सहावीतही भेटतो आणि सातवीतही: भौतिक, लिखित, मौखिक. आपण तिन्हींची व्याख्या आणि दोन-दोन उदाहरणं देऊन मोकळे होतो. उदाहरणं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, पोवाडे. बिचाऱ्यांनी ताम्रपट पाहिलेला नसतो. दुष्काळाची तिन्ही साधनं मात्र तुमच्या शिवारात पडली आहेत.

मौखिकपासून सुरुवात करा आणि लवकर करा. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. मुलांना "आजी, दुष्काळ कसा होता?" असं विचारायला लावू नका, आजी "लई वाईट होता बाबा" म्हणेल आणि संपलं. विचारायचं असं: खडी फोडायला कुठं जायचात? पहाटे किती वाजता निघायचात? हजेरी कोण घ्यायचं, मजुरी कशी मिळायची? सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ) कशात आणायचात? मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी लागायची? जनावरं ठेवली की विकली, आणि कुठं? त्या वर्षी शाळेत जात होता का? वस्तूंचे, चवीचे, वेळेचे प्रश्न विचारले की आठवणी भडाभडा येतात. हे प्रश्न मुलांना आयते देऊ नका. वर्गात बसून त्यांच्याकडून काढून घ्या, मोडतोड करा, पुन्हा लिहा. चांगला प्रश्न कसा असतो हे शिकणं हाच त्या पाठाचा निम्मा भाग आहे.

भौतिक साधन म्हणजे दुष्काळी कामावर झालेला पाझर तलाव, नालाबंडिंग, एखादा रस्ता. तुमच्या आसपास यातलं काहीतरी असणारच. चालत जा, नकाशा काढा, भिंतीची लांबी पावलांनी मोजा.

लिखित साधन तर तुमच्या कपाटात कुलूपबंद आहे. शाळेचं जनरल रजिस्टर काढा. १९७१ ते १९७४ या वर्षांत किती मुलं दाखल झाली, किती मध्येच शाळा सोडून गेली, सोडण्याचं कारण काय लिहिलंय? शेरेबुक जुनं असेल तर त्या वर्षी आलेल्या साहेबांनी काय शेरा मारला ते वाचा. एक गोष्ट निक्षून सांगतो: रजिस्टर मुलांच्या हातात द्यायचं नाही. त्यात जात आहे, जन्मतारखा आहेत, पालकांचे व्यवसाय आहेत. आकडे तुम्ही काढायचे, नावं गाळून फळ्यावर मांडायचे.

आणि मग खरी मजा. आजी म्हणेल, "त्या वर्षी शाळाच बंद होती." रजिस्टरवर पटसंख्या दिसेल. आता कोण खरं? पोरं आधी आजीची बाजू घेतील, मग रजिस्टरची, मग कुणीतरी म्हणेल की पटावर नाव असणं वेगळं आणि शाळेत येणं वेगळं. ज्या दिवशी हे वाक्य मुलाच्या तोंडून येईल त्या दिवशी तुमच्या वर्गात इतिहास शिकवला गेला असं समजा. सनावळी पाठ असो वा नसो.

या धड्यासाठी तुमचं वाचन वाढवायचं असेल तर दोन धागे धरा. एक, रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, ७२ च्या दुष्काळातली कामं, १९७७ चा राज्याचा कायदा आणि पुढं २००५ चा केंद्राचा कायदा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावातून निघालेली कल्पना देशाच्या कायद्यापर्यंत कशी जाते, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त शिकवून जातं. दुसरा धागा मागे जातो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४ चा आहे, सांगोला तालुक्याची वेगळी माहिती त्यात आहे, १८७६-७७ च्या दुष्काळाची हकिकत आहे. राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर हे जुने खंड मिळतात. इंग्रजी जुनाट आहे, पण दहा पानं वाचायला महिना घेतलात तरी बिघडत नाही. वाचताना हे गोऱ्या साहेबांनी महसुलाच्या नजरेनं लिहिलंय हे ध्यानात असू द्या. जातींबद्दलची वर्णनं तर जशीच्या तशी वर्गात नेऊच नका. हीसुद्धा साधनांची चिकित्साच आहे, फक्त ती तुमची.

पाचवीच्या वर्गासाठी एवढा पसारा नको. तिथं एक दोरी पुरे. पाचवीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये कालसंकल्पना आहे, उत्क्रांती आहे, पाषाणयुग आहे, आणि मुलांच्या डोक्यात शिवाजी महाराज, आदिमानव आणि डायनोसॉर एकाच बाजारात फिरत असतात. शंभर वर्षांना एक मीटर असं माप धरा. दोरीचं एक टोक आजच्या दिवसाला बांधलं की १९६० चा महाराष्ट्र दिन पाऊण मीटरच्याही आत येतो. शिवरायांचा जन्म, १६३०, चार मीटरच्या आसपास. अजून आपण व्हरांड्यातच आहोत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती, डेक्कन कॉलेजनं तिथं वर्षानुवर्षं उत्खनन केलं. ते पस्तीस मीटरवर, म्हणजे मैदानात. हडप्पाची भरभराटीची नगरं सेहेचाळीस मीटरच्या सुमारास, म्हणजे कुंपणाजवळ. आणि तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं? ती सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची आहेत. दोरी पंधरा किलोमीटर लागेल! शेजारचं केंद्र ओलांडून पुढं जावं लागेल. मुलं आधी हसतील, मग गप्प होतील. सहावीत गेल्यावर इसवी सनपूर्वचा घोळ सुटायलाही हीच दोरी कामाला येते: सन शून्याच्या खुणेपासून पलीकडे जितकं लांब चालाल तितका आकडा मोठा आणि काळ जुना. (मुळात सन शून्य नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, पण ती गंमत हुशार पोरांसाठी राखून ठेवा.)

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकलात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं.

तिचा प्रश्न उद्धट नव्हता. २० मार्च १९२७ ला महाडला काय झालं हे ऐकून तिला स्वतःचं गाव आठवलं, याचा अर्थ तुमचं शिकवणं पोचलं होतं. विषय बदलण्यामागचं भय मला कळतं. संध्याकाळी कुणीतरी पालक दारात उभा राहतो, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर भलतंच फिरतं, आणि साहेब म्हणतात, "बाई, तुम्ही पुस्तकातलंच शिकवा ना." म्हणून पुस्तकातूनच जायचं. संविधानाची उद्देशिका पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली आहे. संविधानाचं कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं, ते फळ्यावर लिहा आणि विचारा, "एखादी गोष्ट बंद करायला कायदा का करावा लागतो?" इथून पुढं मुलं स्वतः चालतात. पुन्हा हा पाठ घेण्याआधी मुख्याध्यापकांना टाचण दाखवून ठेवा. परवानगी म्हणून नव्हे, उद्या कुणी विचारलं तर ते गोंधळू नयेत म्हणून.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कुठल्याही मुलाला त्याच्या वस्तीचा साक्षीदार बनवायचं नाही. "तुझ्या आजोबांना विचारून ये, तुमच्यात कसं होतं," हे वाक्य कितीही चांगल्या मनानं म्हटलं तरी त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उघडं पाडतं. गावच्या विहिरींचा नकाशा काढायचा असेल तर सगळ्या विहिरींचा काढा, खोली, पाणी, कोणत्या सालातली, नळयोजना कधी आली, हे सगळं घेऊन. त्यात वेगळ्या विहिरीची गोष्ट आपोआप येईल, आणि ती कुणा एका पोराच्या पाठीवर ओझं होऊन येणार नाही. त्या मुलीला मात्र तुम्ही एक उत्तर देणं लागता. पुढच्या तासाला साधेपणानं सांगा: "तू विचारलंस ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आपण ते शोधणार आहोत." एवढंच.

हे सगळं एकटीनं करू नका. जपानच्या प्राथमिक शाळांत एक जुनी रीत आहे, 'जुग्यो केंक्यू' म्हणतात. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ बारकाईनं आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे वर्गात बसून बघतात. बघतात ते मुलांकडे, शिक्षकाकडे नव्हे. कोण बोललं, कोण पाठ संपेपर्यंत गप्प राहिलं, कोणत्या प्रश्नाला माना वर झाल्या, कुणी वहीत काय लिहून खोडलं. आपल्याकडे वर्गात कुणी मागे बसलं की ती तपासणी असते. फलकलेखन, टाचणवही, गणवेश. आम्ही अधिकाऱ्यांनीच ही सवय लावली. तुमच्या केंद्रात सामाजिक शास्त्र शिकवणारे आणखी दोन-तीन जण नक्की असतील, तितकेच वैतागलेले. त्यांच्यातला एक तुमच्या वर्गात बसू दे, नंतर चहा पिताना पाठ कसा झाला हे बोलू नका, तीन मुलांच्या वह्या मध्ये ठेवून त्याच वाचा. एक हुशार, एक मधली, एक मागे पडलेली. पोरं काय समजली आणि काय भलतंच समजली, हे पाहून तुम्हाला जे कळेल ते मी इथं बसून सांगू शकत नाही.

वाचायला मराठीत अगदीच दुष्काळ नाही. मराठी विश्वकोश आता फुकट वाचता येतो, नागरिकशास्त्राच्या शंकांना तो मला अजून पुरतो. 'शैक्षणिक संदर्भ' आणि 'पालकनीती' ही पुण्याहून निघणारी नियतकालिकं चाळत राहा. हिंदी वाचायला त्रास नसेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेची सामाजिक अध्ययनाची जुनी पुस्तकं मिळवाच. १९८० च्या दशकात त्यांनी मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांसाठी सहावी ते आठवीची पुस्तकं शिक्षकांसोबत बसून नव्यानं लिहिली. गोष्टीच्या रूपात पंचायत, बाजार, शेतमजूर, आणि मुलांनी पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची! पुस्तक समोर असताना विचारता येईल असा प्रश्न काढून बघा एकदा. शिक्षक म्हणून तुमचा जेवढा व्यायाम त्यात होईल तेवढा दहा व्हिडिओंत होणार नाही. राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं बदलतो आहे, २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली. तुमच्या वर्गांची पुस्तकं बदलली तरी ग्रामपंचायत तिथंच राहील आणि दुष्काळही, त्यामुळे ही मेहनत वाया जाईल ही काळजी नको.

केलेलं लिहून ठेवा, साध्या दोनशेपानी वहीत. काय ठरवलं होतं, काय घडलं, कुठं फसलं, कोणत्या मुलानं काय म्हटलं. त्यातून पुढं एससीईआरटीच्या (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) नवोपक्रम स्पर्धेला काही पाठवावंसं वाटलं तर पाठवा, 'जीवन शिक्षण' मासिकाला लेख पाठवा. पण स्पर्धेसाठी उपक्रम करू नका. फ्लेक्स छापला, फोटो काढले, लिंक भरली, आणि उपक्रम त्याच संध्याकाळी मेला, असे कितीतरी मी पुरले आहेत.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. अंदाजपत्रकाच्या तासाला त्यांना वर्गात बोलवा आणि एखाद्या गटाचे आकडे तपासायला सांगा. गणिताच्या माणसाला आकडे दिले की तो उठत नाही.

राहता राहिली शिक्षण परिषद. दर महिन्याला केंद्रात ती होतेच, आणि तिथंही निम्मा वेळ सूचना वाचण्यात जातो. त्यातली तीस मिनिटं मागून घ्या. तोंडी मागितलीत तर "बघू" होईल, म्हणून लेखी मागा. मसुदा देतो:

"प्रति, मा. केंद्रप्रमुख. विषय: पुढील शिक्षण परिषदेत पाठचर्चेसाठी ३० मिनिटे वेळ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, इयत्ता सहावी नागरिकशास्त्रातील ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ मी स्थानिक ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाच्या आधारे घेतला आहे. विद्यार्थ्यांच्या लेखी कामाचे नमुने (नावे वगळून) सोबत आणत असून केंद्रातील सामाजिक शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसमवेत त्यावर चर्चा करण्यासाठी वेळ मिळावा. आपली विश्वासू."

पाठ घेऊन झाल्यावरच पाठवा, आधी नको. मुख्याध्यापकांमार्फत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.